संपण्याची सोय परत द्या

प्रति,
भारतात रील आणि शॉर्ट व्हिडिओंची ॲप चालवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख,
तसेच
माननीय मंत्री, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : न संपणारे व्हिडिओ, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ आणि मुलांच्या खात्यांवरील मर्यादा यांबाबत.

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. काही महिन्यांपूर्वी आमच्या शाळेतील पालकांच्या वतीने मी आपल्यापैकी एका कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवली होती. मागणी एवढीच होती की, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपसूक समोर येऊ नये, अशी सोय निदान मुलांच्या खात्यांना द्यावी. उत्तर ठरलेल्या मुदतीत आले, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. उत्तराचा आशय असा होता की, ॲप किती वेळ वापरायचे हा वापरणाऱ्याचा आणि त्याच्या पालकांचा निर्णय आहे आणि त्यासाठी लागणारी साधने सेटिंगमध्ये दिलेली आहेत. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे आपल्याला सांगता यावे, आणि ज्यांच्या घरात हाच प्रश्न रोज रात्री उभा राहतो त्यांनाही ते वाचता यावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. करमणूक वाईट, फोन वाईट आणि आजची पिढी बिघडलेली, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या गल्लीतल्या दोघी जणी व्हिडिओ पाहून ब्लाउजचे कटिंग शिकल्या आणि आज त्यांच्या घरखर्चाला त्याचा हातभार लागतो. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे वारी चालणे आता जमत नाही; त्या पालखीचे रिंगण फोनवर पाहतात आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दिसणारे समाधान खरे असते. दिवसभर राबलेल्या माणसाने अर्धा तास मनमुराद हसावे, यात कुणी नाक मुरडण्याचे कारण नाही. माझा आक्षेप त्या अर्ध्या तासावर नाही. तो अर्धा तास संपूच नये अशी जी व्यवस्था आपण जाणीवपूर्वक उभी केली आहे, तिच्यावर आहे.

गेल्या वर्षी एका पालकसभेनंतर आठवीतल्या एका मुलाची आई मागे थांबली. ती द्राक्षबागेत मजुरीला जाते. ऑक्टोबर छाटणी चालू होती, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावण्याचे काम अर्ध्यावर टाकून ती सभेला आली होती, आणि बोटांवरचा लाल रंग तसाच होता. ती म्हणाली, “बाई, फोन काढून घेतला तर पोरगं जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. म्हणून द्यावा, तर त्यात बघूनपण हसत नाही. नुसतं वर सरकवत बसतंय. आनंद होत नसंल तर बघतंय कशाला?”

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे आणि माझ्या मते आपल्या संपूर्ण व्यवसायाला विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर विज्ञानाने दिलेले आहे, आणि आपल्या कंपन्यांत काम करणाऱ्या तज्ज्ञांना ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. मिशिगन विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवून दिले की, एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणे आणि ती प्रत्यक्षात आवडणे यांसाठी मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणा असतात. डोपामिन या रसायनाचा संबंध मुख्यतः हवेपणाशी आहे, आणि आवड पार विरून गेली तरी हवेपण जोरात चालू राहू शकते. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, रिचर्ड सोलोमन आणि जॉन कॉर्बिट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला होता की, प्रत्येक तीव्र सुखापाठोपाठ शरीर आणि मन तोल सावरण्यासाठी उलट दिशेची प्रतिक्रिया देतात. तेच सुख पुन्हा पुन्हा घेतले की मूळ सुख बोथट होत जाते, आणि ही उलट प्रतिक्रिया मात्र अधिक तीव्र होते व अधिक काळ टिकते. मग माणूस पुन्हा त्याच गोष्टीकडे वळतो तो सुखासाठी नव्हे, मधल्या वेळेत आलेली अस्वस्थता घालवण्यासाठी. त्या आईला दिसलेले दृश्य नेमके हेच आहे. मुलगा पाहतो आहे, पण हसत नाही. आणि पाहणे थांबले की त्याला जेवण गोड लागत नाही.

आता तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी तक्रार ही की, आपण शेवट काढून टाकला आहे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. सिनेमाला मध्यंतर असते आणि शेवटी पडदा पडतो. पुस्तकात प्रकरण संपते. आमच्या लहानपणी दूरदर्शनचे प्रसारणसुद्धा रात्री बंद व्हायचे. या सगळ्या ठिकाणी माणसाला क्षणभर थांबून ‘आता पुरे’ असे स्वतःशी म्हणण्याची जागा आपोआप मिळत होती, आणि तेवढ्या क्षणात तो उठायचा, पाणी प्यायचा, झोपायला जायचा. पानाला तळच नसावा ही रचना आझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ मध्ये तयार केली, आणि पुढे त्याच रचनेबद्दल त्यांनी स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपण ती रचना घेतली, तिला आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओची जोड दिली, आणि प्रत्येक व्हिडिओ इतका लहान केला की थांबायचा विचार मनात येण्याआधीच पुढचा सुरू झालेला असतो. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारा वाढपीसुद्धा ताटावर आडवा हात धरला की थांबतो. आपल्या ॲपवर असा आडवा हात धरायला जागाच ठेवलेली नाही. थांबण्याचा पूर्ण भार पाहणाऱ्यावर टाकायचा, थांबण्याची जागा मात्र काढून घ्यायची, आणि वर ‘हा तुमचा निर्णय आहे’ असे लेखी कळवायचे, हे न्यायाला धरून नाही.

दुसरी तक्रार पुढे काय येणार याच्या अनिश्चिततेविषयी आहे. बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून, अंदाज येणार नाही अशा रीतीने दिले तर प्राणी ते मिळवण्यासाठीची कृती सर्वांत चिकाटीने करत राहतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून गेल्या शतकाच्या मध्यातच दाखवले. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील पेशींची नोंद घेऊन हे सांगितले की, अपेक्षा नसताना फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात. रस नेमका केव्हा मिळणार हे एकदा कळले की त्या रस मिळताना शांत राहतात. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. आपल्या ॲपवर चार सुमार व्हिडिओंनंतर एक असा येतो की माणूस खुलतो, आणि त्या एकाच्या आशेवर तो पुढचे चाळीस सरकवतो. हे सुमार व्हिडिओ म्हणजे रचनेतला दोष आहे असे मला पूर्वी वाटायचे. आता वाटते की ते नसते तर ही ओढच टिकली नसती.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगते. ॲप बंद केल्यावरही आपण हाका मारत राहता. कुणीतरी काहीतरी टाकले, कुणाला काहीतरी आवडले, ‘तुम्ही बरेच दिवसांत आला नाहीत’, अशा सूचना रात्री अकरा वाजताही वाजतात. न्यूयॉर्क राज्याने जून २०२४ मध्ये जो कायदा केला, त्यात पालकांच्या संमतीशिवाय अठरा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ या वेळेत अशा फीडच्या, म्हणजे ॲपने निवडून एकामागून एक दाखवलेल्या मजकुराच्या, सूचना पाठवण्यास मनाई आहे. तिथल्या मुलाची झोप आणि कडेगाव-तासगावच्या मुलाची झोप यांत फरक करण्याचे कारण मला दिसत नाही.

चौथी तक्रार मुलांच्या वयाविषयी आहे, आणि ती समजून घेण्यासाठी आपल्याला आमच्याकडचे घर पाहावे लागेल. फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामने भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. त्यांत ६० मिनिटांनंतर आठवण करून दिली जाते आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. हे पाऊल योग्य दिशेचे आहे आणि त्याचे श्रेय मी नाकारत नाही. पण ते अशा घरासाठी आखलेले आहे जिथे मुलाचा फोन वेगळा, खाते वेगळे, आणि आईवडिलांना त्या खात्यावर लक्ष ठेवण्याइतकी सवड व माहिती असते. आमच्याकडे बहुतेक घरांत चांगला फोन एकच असतो. तो वडिलांचा असतो, सिम त्यांच्या नावावर असते, खाते त्यांचे किंवा थोरल्या भावाचे असते, आणि वडील कामावरून आले की तोच फोन मुलांच्या हातात जातो. आपल्या यंत्रणेला त्या वेळी समोर बेचाळीस वर्षांचा शेतमजूर दिसतो. प्रत्यक्षात तिथे दहा वर्षांची मुलगी बसलेली असते. किशोरांसाठीच्या साऱ्या तरतुदी या मुलीला वळसा घालून जातात. हा प्रश्न काही मोजक्या घरांचा नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण भारतातील २०२४ च्या पाहणीनुसार, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, तर सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणून माझे म्हणणे असे की, संरक्षण खात्याच्या वयाला न जोडता ॲपच्या मूळ रचनेलाच जोडावे. जे संरक्षण मुलाला हवे आहे, ते त्याच्या वडिलांनाही मिळाले तर त्यांचे काहीच बिघडणार नाही. रात्री दीड वाजेपर्यंत फोन पाहून पहाटे सहाच्या बसने कामावर जाणारे वडील मी ओळखते, आणि तेही स्वतःवर खूश नाहीत.

पाचवी तक्रार सेटिंगमधील साधनांची, ज्यांचा उल्लेख आपल्या उत्तरात होता. ती साधने शोधायला मी एका संध्याकाळी तीन पालकांसोबत बसले. एका पडद्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, असे जात जात आम्हाला ती सापडली. मराठी भाषा निवडली तरी नावे अशी होती की सातवी शिकलेल्या माणसाला त्यांचा अर्थ लागू नये. वेळेची मर्यादा घातली, ती भरल्यावर पाटी आली, आणि एका स्पर्शात ती पाटी नाहीशी झाली. व्हिडिओ पाहायला सुरुवात करण्यासाठी मात्र असे काहीच शोधावे लागत नाही. याहून कडक मर्यादा घालणे तांत्रिकदृष्ट्या जमत नाही, असेही नाही. टिकटॉकची मालकी असलेल्या कंपनीचेच चीनमधील ॲप दोउयिन २०२१ पासून तिथल्या १४ वर्षांखालील मुलांना दिवसाला ४० मिनिटेच चालते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद राहते. तिथली सक्ती आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे मी म्हणत नाही, कारण तिथल्या राजवटीतल्या सगळ्याच गोष्टी अनुकरणीय नाहीत. पण ‘करता येत नाही’ हे उत्तर त्यामुळे शिल्लक राहत नाही.

हे सारे आमच्या मुलांपर्यंत कोणत्या काळात आले, हेही नोंदवले पाहिजे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तास फोनवर सुरू झाले. ज्या घरांत तोवर मुलांना फोनला हात लावू देत नव्हते, तिथे शिक्षणासाठी फोन विकत घेतले गेले. काहींनी त्यासाठी शेळ्या विकल्या, काहींनी हप्ते काढले. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. जुलैमध्ये भारतात रील आले आणि सप्टेंबरमध्ये शॉर्ट्सची चाचणी भारतातच प्रथम सुरू झाली. धंद्याच्या दृष्टीने ही चपळाई असेल. मात्र ज्या वर्षी मुले घरात कोंडलेली होती, मैदाने बंद होती आणि शिक्षणाच्या नावाने नवे फोन घरात आले होते, त्याच वर्षी न संपणारी करमणूक त्यांच्या हातात आली, आणि तिचे परिणाम निस्तरायला शाळा व पालक यांच्याशिवाय आजवर कुणीही पुढे आलेले नाही.

परिणाम काय झाले, हे मी मराठीच्या तासाला पाहते. मुलांची बुद्धी कमी झालेली नाही, उलट काही बाबतींत ती आमच्या वेळेपेक्षा तल्लख आहेत. पण धड्याचे पहिले पान जरा कठीण असले, वातावरणनिर्मिती संथ असली, तर त्या पानातून नेटाने पुढे जाऊन दुसऱ्या पानावरच्या आनंदापर्यंत पोचायचे बळ त्यांच्यात उरलेले नसते. सुखाच्या आधी थोडे कष्ट असतात, ही गोष्ट त्यांच्या अनुभवातूनच निघून गेली आहे. वर ज्या सोलोमन यांचा उल्लेख केला, त्यांनी आपल्या सिद्धांताची दुसरी बाजूही सांगितली होती : आधी भीती किंवा कष्ट सोसले, तर त्यामागोमाग येणारी प्रतिक्रिया सुखाची असते आणि सरावाने ते सुख वाढत जाते. पॅराशूटने उडी मारणाऱ्यांचे उदाहरण त्यांनी दिले होते. आमच्या भागाला त्यासाठी विमानात चढायची गरज नाही. आमच्या शाळेमागे एक जुनी तालीम आहे. तिथे पहाटे पाचला लाल मातीत उतरलेला मुलगा पहिल्या महिन्यात रोज रडवेला होऊन घरी जातो; दंड उचलत नाहीत, मांड्या भरून आलेल्या असतात, आणि वस्ताद जोरांची संख्या कमी करायला तयार नसतात. सहा महिने टिकलेला मुलगा मात्र तालमीतून बाहेर येताना ज्या चेहऱ्याने येतो, तो चेहरा मला फोनवरून नजर वर काढणाऱ्या एकाही मुलाचा कधी दिसलेला नाही. या तालमीत येणारी मुले आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. वस्तादांनी मला सांगितले की, पोरे येतात, पण चौथ्या-पाचव्या दिवशी, अंग सर्वांत जास्त दुखते तेव्हाच सोडून जातात.

कंटाळ्याचेही तसेच आहे. कंटाळा ही छोटीशी वेदना आहे आणि लहान मुलाला ती सोसावी लागली की ते काहीतरी शोधून काढते : खेळ, भांडण, झाडावर चढणे, कपाटातले जुने पुस्तक. ही वेदना निर्माण होताक्षणी बुजवून टाकणारी वस्तू आपण प्रत्येक खिशात दिली आहे. एसटीची वाट पाहताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, जेवणाचे ताट येईपर्यंत, कुठेही आता रिकामा क्षण राहिलेला नाही. रिकामा क्षण सोसण्याची सवय मोडली की मोठे दुःख सोसण्याची ताकद कुठून येणार, ही माझ्यासारख्या शिक्षिकेची खरी काळजी आहे. परीक्षेत नापास झालेला, मैत्री तुटलेला, घरात कुणी गेलेले मूल त्या दुःखात जरा वेळसुद्धा थांबत नाही. ते लगेच फोनच्या पडद्याआड जाते, आणि दुःख तसेच न उलगडता आत राहते.

याबाबत आमच्या जिल्ह्यातल्याच एका गावाने काय केले, ते आपल्यापर्यंत पोचले असेलच. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये गावाने एकत्र येऊन ठरवले की, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेल तेव्हा ते सुरू करता येतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, वाचावे, घरच्यांनी एकमेकांशी बोलावे. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीची माणसे घरोघरी जाऊन पाहत होती. या निर्णयाविषयी मला मनापासून आदर आहे. आपण काढून टाकलेला शेवट एका खेड्याने देवळावर भोंगा बसवून परत आणला. एकट्या माणसाला जे जमत नव्हते, ते सगळ्यांनी एकाच वेळी थांबायचे ठरवल्यावर जमले, कारण शेजारच्या घरातला फोनही बंद आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. परंतु देशात लाखो गावे आहेत, आणि शहरांतल्या सोसायट्यांना देवळावरचा भोंगा नाही. एका बाजूला ग्रामपंचायत आणि दुसऱ्या बाजूला जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांचे हजारो अभियंते, असा हा सामना गावांवर सोडून देणे योग्य नाही.

म्हणून यापुढचे शब्द मुख्यतः माननीय मंत्रिमहोदयांसाठी आहेत.

महोदय, आपल्या सरकारने मनात आणले तर किती त्वरेने काम होते, हे ऑगस्ट २०२५ मध्ये देशाने पाहिले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक २० आणि २१ ऑगस्ट या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्या खेळांपायी कर्जबाजारी झालेली कुटुंबे आमच्याही गावात आहेत आणि त्यांच्या वतीने मी त्या निर्णयाचे स्वागत करते. परंतु ज्या व्यसनात पैसा न जाता वेळ, झोप आणि लक्ष जाते, त्याबाबत अजून कुठलीही घाई दिसत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे त्या कायद्याचे नववे कलम सांगते. त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यासाठी त्यापुढे आणखी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. मुलाचे बोट कोणत्या व्हिडिओवर किती सेकंद थांबले यावरून जर पुढचा व्हिडिओ निवडला जात असेल, तर ती वर्तनावरची पाळतच आहे, असे कलम वाचणाऱ्या माझ्यासारख्या सामान्य नागरिकाला वाटते. सरकारचे मत याहून वेगळे असेल तर ते स्पष्टपणे सांगावे.

उपचारांचा प्रश्नही आपल्या सरकारच्याच कक्षेत येतो. गेमिंगचा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरावरील उपचारांचे केंद्र २०१४ पासून चालू आहे. व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणसाला हिणवून काही साधत नाही, हे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून महाराष्ट्रातल्या लोकांना पटवून दिले. पण आमच्या तालुक्यातल्या आईला बंगळूरही दूर आणि पुणेही दूर. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी शाळेच्या फलकावर लिहून ठेवला आहे. त्याच्यापुढचा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष भेटणारा समुपदेशक, आमच्या परिसरात नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. व्हिडिओ आपोआप पुढे सुरू होण्याची सोय सर्व खात्यांसाठी मुळात बंद असावी. ज्याला हवी असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी.

२. ठरावीक संख्येचे व्हिडिओ झाल्यावर फीड संपावे आणि पुढे जायचे असल्यास वापरणाऱ्याने स्वतः पुन्हा ॲप उघडावे. ही संख्या किती असावी हे मंत्रालयाने मानसोपचारतज्ज्ञ, शिक्षक आणि पालक यांच्याशी विचारविनिमय करून ठरवावे.

३. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, खाते कुणाचेही असो, कोणतीही प्रचारकी सूचना जाऊ नये. नातेवाइकांचे संदेश आणि फोन यांना हे लागू नसावे.

४. वेळेची मर्यादा लावण्याचे बटण ॲपच्या पहिल्याच पडद्यावर, साध्या मराठीत आणि इतर भारतीय भाषांत असावे, आणि एकदा लावलेली मर्यादा त्या दिवसापुरती एका स्पर्शाने मोडता येऊ नये.

५. एकच फोन अनेकांनी वापरणाऱ्या घरांसाठी ‘आता फोन मुलाच्या हातात आहे’ असे एका खुणेने सांगण्याची सोय असावी, आणि त्या वेळी निवडून दाखवलेले फीड बंद होऊन मुलाने स्वतः शोधलेलेच दिसावे.

६. माहिती संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाची अंमलबजावणी उर्वरित मुदतीची वाट न पाहता कंपन्यांनी आपणहून सुरू करावी, आणि ती कधी व कशी करणार हे जाहीर करावे.

७. प्रत्येक तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात आठवड्यातून किमान एक दिवस, अतिवापराच्या प्रश्नाची माहिती असलेला समुपदेशक उपलब्ध असावा. त्याच्या खर्चातील वाटा या व्यवसायातून नफा मिळवणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करावा.

ऑस्ट्रेलियाप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलांना संपूर्ण बंदी, ही मागणी यात नाही. तिथे ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, आणि तिचा अनुभव काय येतो ते आपण सर्वांनी पाहावे. माझे मत असे की, बंदी आली तर आमच्याकडे खाती वडिलांच्या नावावर तशीच चालू राहतील, आणि सोळाव्या वाढदिवसाला मूल त्याच न संपणाऱ्या रचनेत जाऊन बसेल. रचना बदलली तर सोळाव्या आणि साठाव्या वर्षीही तिचा उपयोग होईल.

या पत्राचे उत्तर ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ अशा ठरावीक मजकुरात येऊ नये, ही विनंती. वरील सात मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत, आणि नसतील तर का, हे क्रमांकानुसार आणि मराठीत कळवावे. आमची पुढची पालकसभा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी आहे, आणि आपले जे उत्तर येईल ते मी त्या सभेत आहे तसे वाचून दाखवणार आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका,
जि. सांगली